धुक्यात आडवे उडालेले हेलिकॉप्टर : ६ जानेवारी १९६८

पाणकणीस

६ जानेवारी १९६८ च्या सकाळी दक्षिण व्हिएतनाममधील चू लाय तळाच्या आसपासचे डोंगर धुक्याने झाकून गेले होते. तिथल्या एका दरीत, शत्रूच्या ताब्यातील मुलखात, दक्षिण व्हिएतनामी सैन्याचे दोन जवान गंभीर जखमी होऊन पडले होते. त्यांना आणायला अमेरिकी सैन्याच्या ५४ व्या वैद्यकीय तुकडीचे मेजर पॅट्रिक ब्रेडी आपणहून निघाले. त्यांच्याकडे लाल क्रॉस रंगवलेले ह्यूई हेलिकॉप्टर होते आणि आत चार माणसे होती : दोन वैमानिक, एक वैद्यकीय सहायक आणि यंत्राची निगा राखणारा एक क्रू चीफ.

धुक्यात हेलिकॉप्टर चालवण्यात नेमकी अडचण काय असते हे कळल्याशिवाय ब्रेडी यांनी पुढे जे केले त्याचे मोल कळणार नाही, म्हणून ते आधी सांगतो. हेलिकॉप्टर एका जागी अधांतरी धरून ठेवायचे तर वैमानिकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी कामात असतात. यंत्र सतत कुठल्या ना कुठल्या बाजूला घसरू पाहते आणि वैमानिक बाहेरच्या एखाद्या झाडाकडे किंवा खडकाकडे पाहून ते पुन्हा पुन्हा जागेवर आणतो. बाहेर नुसते पांढरे दिसू लागले की हा आधार जातो, कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय चुकीची वर्दी देऊ लागते, आणि आपण सरळ आहोत अशी पक्की खात्री असतानाच वैमानिक डोंगरावर जाऊन आदळू शकतो. ब्रेडी यांच्या आधीच्या एका उड्डाणात एक गोष्ट ध्यानात आली होती. हेलिकॉप्टर आडवे करून कडेने सरकवत नेले आणि बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहिले, तर वर फिरत्या पात्याचे टोक दिसते आणि खाली झाडांचे शेंडे दिसतात. एवढ्या दोन खुणा मिळाल्या तरी तोल राखता येतो. शिवाय पात्यांच्या झोताने पुढचे धुकेही थोडेफार फाटते.

त्या सकाळी ते दरीतल्या पायवाटेवरून असेच आडवे, संथ गतीने पुढे सरकत गेले. इतक्या खालून आणि इतक्या हळू जाणारे हेलिकॉप्टर म्हणजे नेम धरणाऱ्यासाठी आयते सावज. गोळ्या अगदी जवळून येत होत्या आणि उलट गोळीबार करून शत्रूला दबवून ठेवणारे कोणीही नव्हते. उतरण्याची जागाही धोकादायक वाटावी इतकी लहान होती. तरी ते उतरले आणि दोघांना घेऊन परतले.

इथे त्यांची कामगिरी संपली असती तरी ती मोठीच ठरली असती. पण लगेच दुसरा संदेश आला. दाट धुक्यात बुडालेल्या आणखी एका जागी अमेरिकी जवान जखमी होऊन पडले होते आणि शत्रू त्यांच्यापासून अवघ्या ५० मीटरवर होता. त्या ठिकाणी त्या आधी दोन विमाने पाडली गेली होती आणि इतरांचे प्रयत्न फसले होते. ब्रेडी तेथे चार वेळा गेले आणि सगळ्या जखमींना बाहेर काढले. तिसऱ्या ठिकाणी त्यांच्या हेलिकॉप्टरची बरीच मोडतोड झाली, नियंत्रणाची यंत्रणा काही अंशी गोळ्यांनी निकामी झाली, आणि तरीही काही मिनिटांतच ते राहिलेल्यांना आणायला त्याच जागी परतले. त्यानंतर त्यांनी हेलिकॉप्टर बदलले आणि सुरुंग पेरलेल्या मैदानात अडकलेल्या एका पलटणीच्या मदतीला गेले. तिथे जवळच एक सुरुंग फुटला, त्यांच्या चमूतले दोघे जखमी झाले, हेलिकॉप्टरचे नुकसान झाले, आणि त्याच अवस्थेत त्यांनी सहा गंभीर जखमींना उपचारांपर्यंत पोहोचवले. दिवसभरात तीन हेलिकॉप्टरे वापरून त्यांनी ५१ जणांना आणले. ९ ऑक्टोबर १९६९ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च युद्धसन्मान, मेडल ऑफ ऑनर, प्रदान केला.

हा धागा काढण्यामागे माझे एक मत आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो. पहिल्यांदा उतरणाऱ्याला पुढे काय वाढून ठेवले आहे हे पुरते ठाऊक नसते. दुसऱ्यांदा उतरणाऱ्याला सगळे ठाऊक असते : गोळी कुठल्या झाडीतून येते, पत्रा कुठे फाटला आहे, पेडल किती सैल झाले आहे. त्यामुळे त्या दिवसाची खरी परीक्षा मला दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत दिसते. आणि अशी माणसे अचानक उगवत नाहीत, त्यांना कोणीतरी तसे घडवलेले असते.

ब्रेडी यांना घडवणारे होते मेजर चार्ल्स केली. जॉर्जिया राज्यातले केली दुसऱ्या महायुद्धात किशोरवयात पायदळात लढले होते आणि जर्मनीतील आखेनच्या लढाईत जखमी झाले होते. जानेवारी १९६४ मध्ये ते व्हिएतनाममधील ५७ व्या वैद्यकीय तुकडीचे प्रमुख झाले. 'डस्टऑफ' हा रेडिओवरचा संकेतशब्द याच तुकडीचा, आणि पुढे तो सगळ्याच रुग्णवाहक हेलिकॉप्टरांचे नाव होऊन बसला. त्या काळी काही वरिष्ठ अधिकाऱ्यांचे म्हणणे होते की या हेलिकॉप्टरांवरचे लाल क्रॉस काढता-घालता येण्याजोगे करावेत आणि गरजेप्रमाणे ती मालवाहतुकीला वापरावीत. केलींनी त्याला निकराने विरोध केला. जखमी माणूस हाक मारेल तेव्हा हेलिकॉप्टर दुसऱ्या कामावर गेलेले असता कामा नये, एवढाच त्यांचा मुद्दा होता. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात सॉक ट्रांगहून ते रात्री उड्डाण करीत आणि एकेका चौकीला रेडिओवरून विचारत पुढे जात की कोणी जखमी आहे का.

१ जुलै १९६४ रोजी विन्ह लाँगजवळ ते जखमींना घ्यायला उतरत असताना खालच्या तुकडीने त्यांना रेडिओवरून माघारी जाण्यास बजावले. त्यांचे उत्तर होते, "तुमचे जखमी घेतले, की." क्षणभराने उघड्या दारातून आलेली गोळी त्यांच्या हृदयात घुसली. हेलिकॉप्टर कोसळले. चमूतले बाकीचे वाचले, मेजर केली मात्र गेले. त्यांचे वय ३९ वर्षांचे होते.

ब्रेडी त्या वेळी त्याच तुकडीत होते. पुढे त्यांनी सांगितलेली आठवण अशी की केलींना लागलेली गोळी एका अधिकाऱ्याने त्यांच्यासमोर टेबलावर टाकली आणि आता तरी असे उडणे थांबवणार का, असे विचारले. ब्रेडींनी ती गोळी उचलली आणि केलींनी शिकवले तसेच उडत राहू, असे उत्तर दिले.

देवराई

पाणकणीस, लेख मनापासून आवडला, तरी एक शंका मांडावीशी वाटते. खालून परत जा म्हणून सांगत असताना उतरणे हे शौर्य म्हणावे की हट्ट? त्या हेलिकॉप्टरमध्ये आणखी माणसे होती. शिवाय एक हेलिकॉप्टर आणि एक अनुभवी वैमानिक गमावला तर उद्याच्या जखमींना कोण आणणार? घाटात अपघात झाला की मदतीला धावलेल्यांपैकीच एखादा दरीत गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, म्हणून हा प्रश्न मला टाळता येत नाही.

पाणकणीस

देवराई, शंका अगदी रास्त आहे आणि केलींच्या हयातीतही ती विचारली गेली होती. मला जे समजले आहे ते असे. जायचे की नाही हा निर्णय दूरच्या कचेरीत बसलेल्याने घ्यायचा नाही, हे केलींचे तत्त्व होते. जागा किती धोक्याची आहे हे रेडिओवर ऐकून कळत नाही, ते वर पोहोचलेल्या वैमानिकाला दिसते. म्हणून आधी निघायचे, आणि जमेल की नाही हे तिथे जाऊन ठरवायचे. आधी सगळी माहिती मागवून, रक्षक हेलिकॉप्टरांची वाट पाहून, मग निघायचे म्हटले तर एवढ्या वेळात माणूस रक्तस्रावाने जातो.

पण आपला दुसरा मुद्दा मला मान्य आहे. नुसती छाती पुढे काढून जाणारा वैमानिक त्या दरीत टिकला नसता. ब्रेडींनी धुक्यावर उपाय शोधला होता, तो आधी करून पाहिला होता आणि मग तो गोळीबारात वापरला. व्हिएतनाममधले दोन्ही कार्यकाळ मिळून त्यांनी दोन हजारांहून अधिक मोहिमा केल्या आणि पाच हजारांहून अधिक जखमी आणले. इतक्या वेळा जाऊन परत येणाऱ्या माणसाचे कौशल्य त्याच्या धैर्यापासून वेगळे काढता येत नाही.

शल्यकर्मी

मी सैन्याच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेला शल्यचिकित्सक आहे. माझे शिक्षण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात झाले. त्या काळी शिकवताना काही आकडे सांगितले जात, ते इथे उपयोगी पडतील. रुग्णालयात जिवंत पोहोचलेल्या अमेरिकी जखमींपैकी नंतर दगावणाऱ्यांचे प्रमाण दुसऱ्या महायुद्धात सुमारे ४.५ टक्के होते, कोरियात २.५ टक्के आणि व्हिएतनाममध्ये २.६ टक्के. शेवटचे दोन आकडे पाहून कोणी म्हणेल की एवढी हेलिकॉप्टरे वापरून व्हिएतनाममध्ये काही सुधारले नाही. खरी गोष्ट उलटी आहे. पूर्वीच्या युद्धांत जे चिखलातच प्राण सोडत आणि या हिशेबात येतच नसत, ते आता तासाभरात शस्त्रक्रियेच्या टेबलावर येऊ लागले. इतके गंभीर रुग्ण येऊनही प्रमाण जवळपास तेवढेच राहिले, यात त्या वैमानिकांचा वाटा फार मोठा आहे.

पोटात किंवा मांडीत गोळी लागलेल्या माणसाचा वेळ कसा सरतो हे मी जवळून पाहिले आहे. उंचावरच्या एका रुग्णालयात असताना एकदा हेलिकॉप्टरने एक जवान आला. त्याच्या मांडीवर रक्त थांबवणारी आवळपट्टी बांधलेली होती आणि ती बांधल्याची वेळ कुणीतरी बॉलपेनने त्याच्या कपाळावर लिहिली होती. थंडीने शाई नीट उतरली नव्हती, म्हणून आकडे दोनदा गिरवलेले होते. त्या आकड्यांवरून आम्ही हिशेब केला आणि पाय वाचवता येईल असे ठरवून कामाला लागलो. पाय वाचला. वैमानिक मात्र आमच्याशी एक शब्दही न बोलता, पाती फिरती ठेवूनच, रुग्ण उतरताच निघून गेला, कारण वर आणखी एक जण होता. त्याचा चेहराही मला नीट दिसला नाही. देवराई यांच्या प्रश्नावर माझे उत्तर त्या गिरवलेल्या आकड्यांत आहे.

माळरान

सर्वांबद्दल आदर राखून लिहितो. व्हिएतनामच्या युद्धात त्या देशातील लक्षावधी सामान्य माणसे मेली. त्या युद्धात लढलेल्या अमेरिकी अधिकाऱ्याचे गुणगान करताना ही गोष्ट बाजूला पडू नये. लाल क्रॉस असूनही त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या हे लेखातून सूचित होते, पण त्याच सैन्याच्या इतर हेलिकॉप्टरांतून खेड्यांवर काय बरसत होते, हेही त्या झाडणाऱ्यांनी पाहिलेले होते.

पाणकणीस

माळरान, आपण हे लिहिले ते बरे केले. ते युद्ध न्याय्य होते असे मी म्हटलेले नाही आणि माझे तसे मतही नाही. लाल क्रॉसबद्दल एक नियम सांगतो. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या ३६ व्या कलमाप्रमाणे वैद्यकीय विमानाला संरक्षण मिळते ते दोन्ही पक्षांनी आधी ठरवलेल्या उंचीवरून, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या मार्गाने ते उडत असेल तर. लढाई चालू असताना दरीत उतरणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी असे काही ठरवणे शक्यच नसते. म्हणजे तो क्रॉस आपल्याला वाचवणार नाही हे वैमानिकांना पक्के ठाऊक होते.

दुसरे असे की डस्टऑफच्या हेलिकॉप्टरांतून केवळ अमेरिकी जखमी गेले नाहीत. दक्षिण व्हिएतनामी सैनिक, खेड्यांतली माणसे आणि पकडले गेलेले शत्रूचे जखमीही गेले. त्या ६ जानेवारीला ब्रेडींनी सर्वांत आधी आणलेले दोघे व्हिएतनामीच होते.

आणि खेड्यांचा विषय निघालाच आहे तर त्याच वर्षीच्या १६ मार्चची आठवण काढलीच पाहिजे. 'मी लाय' नावाच्या खेड्यात अमेरिकी पायदळ निःशस्त्र गावकऱ्यांची कत्तल करीत असताना ह्यू थॉम्प्सन या टेहळणी हेलिकॉप्टरच्या वैमानिकाने आपले छोटे हेलिकॉप्टर आपल्याच सैनिकांच्या आणि लपलेल्या गावकऱ्यांच्या मध्ये उतरवले. सोबतच्या ग्लेन अँड्रिओटा आणि लॉरेन्स कोलबर्न यांना त्यांनी सांगून ठेवले की हे सैनिक गावकऱ्यांवर गोळ्या झाडू लागले तर त्यांच्यावर झाडा. मग सोबतच्या मोठ्या हेलिकॉप्टरांना बोलावून त्यांनी त्या गावकऱ्यांना बाहेर काढले. नंतर प्रेतांनी भरलेल्या खंदकात उतरून अँड्रिओटाने एका जिवंत मुलाला वर काढले आणि त्याला त्यांनी रुग्णालयात नेले. अँड्रिओटा तीनच आठवड्यांनी, ८ एप्रिलला, मारले गेले. या तिघांना सोल्जर्स मेडल मिळायला १९९८ साल उजाडले. थॉम्प्सन डस्टऑफचे नव्हते, तरी जखमीला उचलणाऱ्या वैमानिकांच्या यादीत मी त्यांचे नाव वरच ठेवीन.

माळरान

थॉम्प्सन यांचा उल्लेख केल्याबद्दल आभार. माझी हरकत मागे घेतो.

गांधीनगरकर

मी नाशिक रोडजवळ वाढलो. भूदलाच्या हवाई शाखेचे, म्हणजे आर्मी एव्हिएशनचे, वैमानिक आमच्या गांधीनगरच्या धावपट्टीवर शिकतात. लहानपणी आम्ही सायकली टेकवून तासन्‌तास पाहत असू. शिकाऊ वैमानिक हेलिकॉप्टर जमिनीपासून थोडेसे उचलून एका जागी धरायचा प्रयत्न करी. ते शेळीच्या करडासारखे इकडेतिकडे उड्या मारी आणि खालचे वाळलेले गवत गोल गोल झोपे. काही दिवसांनी तेच हेलिकॉप्टर दोरीने टांगल्यासारखे स्थिर दिसू लागे. पाणकणीस यांनी वर तोल राखण्याबद्दल जे लिहिले आहे ते वाचताना मला ते गवत आठवले.

सियाचिनचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून लिहितो. १३ एप्रिल १९८४ रोजी ऑपरेशन मेघदूत सुरू झाले तेव्हापासून तिथल्या वरच्या चौक्यांवरून आजारी आणि जखमी जवानांना आणण्याचे काम मुख्यतः चीता हेलिकॉप्टरे करीत आली आहेत. हे एकाच इंजिनाचे हलके यंत्र आहे. फ्रेंच बनावटीच्या ज्या लामा हेलिकॉप्टरवरून ते बनले, त्याने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला होता. तरीही सहा हजार मीटरच्या आसपास हवा इतकी विरळ असते की पात्यांना पकड मिळत नाही. इंधन मोजून घ्यावे लागते, सामान किलोकिलोने तोलावे लागते, आणि एका खेपेला बहुधा एकच रुग्ण आणता येतो. उतरण्याची जागा म्हणजे बर्फावर सपाट केलेला चौथरा. तिथे इंजिन बंद करायचे नसते, कारण ते पुन्हा सुरू होईल याची शाश्वती नसते. शल्यकर्मी यांना तो वैमानिक बोलला नाही याचे कारण मला वाटते यातच आहे.

शल्यकर्मी

गांधीनगरकर, बरोबर ओळखलेत.

जुनी पायवाट

युद्धात हेलिकॉप्टरने माणूस वाचवण्याच्या पहिल्या घटनेचा धागा भारताशी जुळतो, हे इथे नोंदवतो. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे एक छोटे अमेरिकी विमान पडले. त्यात वैमानिकाबरोबर तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. लेफ्टनंट कार्टर हार्मन यांनी आसामातील लालाघाट येथून सिकोर्स्की कंपनीचे वायआर-४ हेलिकॉप्टर डोंगरांवरून नेले. त्यात वैमानिकाखेरीज एकच माणूस बसू शकत होता आणि त्या उष्ण, दमट हवेत इंजिन तापून बसत होते. म्हणून हार्मन यांनी एकेकाला उचलत चार खेपा केल्या. २५ आणि २६ एप्रिल असे दोन दिवस लागले आणि चौघेही वाचले. पाणकणीस यांचा दुसऱ्या फेरीचा मुद्दा तिथेही लागू पडतो.

रानवाट

सगळी चर्चा वैमानिकाभोवती फिरते आहे, म्हणून दारात उभ्या असणाऱ्या दोघांबद्दल लिहिते. जखमीला घ्यायला खाली उडी मारतो तो वैद्यकीय सहायक आणि त्याच्यासोबतचा क्रू चीफ. वैमानिकाला त्या वेळी नियंत्रण सोडता येत नाही. पाठीमागे नेमके काय चालले आहे, किती जण आत आले, हे त्याला कानातल्या आवाजावरूनच कळते. त्या मैदानात सुरुंग फुटला तेव्हा जखमी झालेले दोघे चमूतलेच होते. ब्रेडींचे पदक त्यांच्याही वाट्याचे आहे असे मी मानते.

याच संदर्भात मायकेल नोव्होसेल यांच्याबद्दल सांगते. दुसऱ्या महायुद्धात ते बी-२९ बॉम्बफेकी विमान चालवत. व्हिएतनामच्या वेळी त्यांनी हवाई दलाच्या राखीव दलातील लेफ्टनंट कर्नलचे पद सोडले आणि सैन्यात वॉरंट ऑफिसर या कितीतरी खालच्या पदावर हेलिकॉप्टर चालवायला आले. २ ऑक्टोबर १९६९ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, कियेन तुओंग प्रांतात त्यांनी पंधरा वेळा गोळीबारात उतरून २९ दक्षिण व्हिएतनामी सैनिकांना बाहेर काढले. रक्षक हेलिकॉप्टरे नव्हती. सहा वेळा गोळ्यांच्या माऱ्याने त्यांना बाहेर हटावे लागले आणि प्रत्येक वेळी ते वळसा घालून दुसऱ्या दिशेने परत आले. शेवटचा जखमी शत्रूच्या बंकरला लागूनच पडला होता. नोव्होसेल यांनी हेलिकॉप्टर उलटे, म्हणजे शेपटीकडून मागे सरकवत त्याच्यापर्यंत नेले. दारातले सहकारी त्याला आत ओढत असतानाच जवळून गोळ्या सुटल्या आणि नोव्होसेल जखमी झाले. क्षणभर त्यांचा ताबा सुटला. पण लगेच सावरून ते त्या माऱ्यातून निघाले. दोन कार्यकाळांत त्यांनी २,५४३ मोहिमा केल्या आणि ५,५८९ जखमी आणले.

त्यांचा मुलगा, त्याचेही नाव मायकेल, त्यांच्याच ८२ व्या वैद्यकीय तुकडीत वैमानिक होता. एकदा मुलाचे हेलिकॉप्टर पाडले गेले, तेव्हा त्याला आणायला वडील गेले. पुढच्याच आठवड्यात वडिलांचे हेलिकॉप्टर खाली आले, आणि त्यांना आणायला मुलगा गेला.